धाकटीचा वाफा

फुलांचा धंदा म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर एक भाबडं हसू येतं. “वा, काय भाग्य हो तुमचं, दिवसभर फुलांत असता!” असं काकूंना आठवड्यातून चार वेळा तरी कोणीतरी ऐकवतं. अशा माणसाला धरून एकदा काकूंच्या बादल्या घासायला बसवायला पाहिजे. फुलं ठेवलेल्या बादलीला तिसऱ्या दिवशी आतून जो बुळबुळीत थर धरतो, त्याचा वास एकदा नाकात गेला की भाग्यबिग्य सगळं विसरायला होतं. अशा अठरा बादल्या. रोज. आणि बादली नीट घासली नाही तर पुढची फुलं दोन दिवसांत माना टाकतात, त्यामुळे टाळाटाळ करायचीही सोय नाही.

काकू एकसष्ट वर्षांच्या. गल्लीच्या टोकाला छापखाना आहे. त्याच्या मागच्या भिंतीपासून पाण्याच्या टाकीच्या कुंपणापर्यंत एक अरुंद पट्टा आहे, तिथे त्यांचे अकरा वाफे. शेत म्हणायला ते शेत, पण या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जाईल, एवढंच. जागा छापखान्याच्या मालकाची. काकूंचे यजमान त्याच छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे, तेव्हा मालक म्हणाला होता, “पडीकच आहे, लावा काय लावायचं ते.” त्याला वीस वर्षं झाली. पहिलं वर्ष नुसतं काचा, विटा आणि गंजके पत्रे उपसण्यात गेलं. अजूनही खुरपं मारताना मातीतून छपाईचा, शिशाचा एखादा खिळा निघतो, उलटं कोरलेलं एखादं अक्षर. काकू तो हाताने पुसतात आणि कुंपणाच्या कठड्यावर ठेवून देतात. का ठेवतात ते त्यांनाही सांगता येणार नाही.

दर शनिवारी सव्वीस घरांत एकेक गुच्छ जातो. त्याखेरीज दवाखान्याच्या खिडकीत एक, शाळेच्या कचेरीत एक, न्हाव्याच्या आरशापुढे एक. गल्लीत कोणाकडे बाळ आलं की रंगीत झिनिया, कोणी गेलं की पांढरे अॅस्टर, आणि तेही न सांगता, न विचारता, दाराशी बादली ठेवून काकू परत. लोकांना त्याची इतकी सवय झाली आहे की एकदा काकू तापाने आडव्या पडल्या म्हणून एका घरी बादली गेली नाही, तर त्या घरची सून दुसऱ्या दिवशी जिना चढून विचारायला आली, “काकू, आमचं काही चुकलं का?” आता याला काय म्हणायचं! अंगात एकशे दोन ताप, आणि वर तिचीच समजूत काढायची.

हौस होती हो, नाही कोण म्हणतंय? पण गुडघ्यांना हौसेचं काही सांगता येत नाही. पहाटे ऊन चढायच्या आत फुलं कापायची, देठांची खालची पानं ओरबाडायची, बादल्या भरून सावलीत ओढायच्या, मग पाणी, मग तण, मग शेंडे खुडणं, मग पुन्हा पाणी. आणि गेल्या वर्षापासून हे सगळं उरकून बेचाळीस पायऱ्या चढून वर जायचं, कारण वर काका असतात.

काका म्हणजे काकूंचे यजमान. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणं सुदैवाने शाबूत राहिलं. सुदैवाने असं आपण म्हणायचं; काकूंचं त्याबद्दलचं मत रोज बदलतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यातली पुढची रस्त्याच्या बाजूची, तिच्या खिडकीपाशी काका खुर्चीत बसून असतात. वाफे मागच्या अंगाला, त्यामुळे खिडकीतून ते दिसत नाहीत. खुर्चीसकट उचलून खाली नेतो असं दहा जणांनी सांगितलं. काकांनी दहाही जणांना उडवून लावलं. “मला पोत्यासारखं खाली न्यायचं नाही. पायांनी उतरेन तेव्हा उतरेन.” पाय काही उतरायचं नाव घेत नव्हते आणि काका हट्ट सोडायचं. आठ महिने त्यांनी जमिनीला पाय लावलेला नव्हता.

आणि एवढ्या आठ महिन्यांत त्यांना काळजी कोणाची? बायकोची? छे! धाकटीची.

या दोघांना मुली दोन. मोठी आणि मधली. दोघी लग्न होऊन दूर. ‘मधली’ म्हटल्यावर नवा माणूस हमखास विचारतो, “आणि धाकटी काय करते?” धाकटी काही करत नाही. धाकटी म्हणजे डेलियाचं झाड. सात वर्षांपूर्वी काकांनी डेलियाचं बी पेरलं होतं. डेलियाच्या बियांचा भरवसा नसतो, कोणतं बी कोणावर जाईल सांगता येत नाही. चाळीस रोपांतली एकोणचाळीस सामान्य निघाली आणि एक निघाली ती ही. विटकरी रंग, मधून पिवळट, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला जांभळा ठिपका, शाईत बोट बुडवून लावावा तसा. जगात कुठे नसलेलं फूल माझ्या वाफ्यात आलं, म्हणून काका आठवडाभर हवेत होते.

काकूंना ते फूल कधीच आवडलं नाही. एक तर देठ आखूड, गुच्छात बसत नाही. पाण्यात ठेवलं तर तिसऱ्या दिवशी पाकळ्या गाळून मोकळं. कोणी मागत नाही, कोणाला देता येत नाही, आणि अकरा वाफ्यांतला अर्धा वाफा वर्षानुवर्षं अडवून बसलंय. पण काकांसमोर तसं बोलायची सोय नव्हती. धाकटीचं खत, पाणी, आधाराच्या काठ्या, सगळं तेच करायचे. काकू त्या वाफ्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे हेच अंगाशी आलं.

मोठीचा फोन दर रविवारी. “आई, बस झालं आता. दोघं इकडे या. खालच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, एक पायरी नाही.” काकू तर उद्याच्या उद्या गेल्या असत्या. खरंच सांगते, पिशवीसुद्धा भरली नसती. पण फोन काकांच्या कानाला लावला की ते म्हणायचे, “येऊ गं. पण धाकटीला कोण बघेल?” आणि विषय संपला. काकू भांडी घासता घासता मनातल्या मनात म्हणायच्या, त्या झाडाचं एकदाचं काही झालं तर बरं. असं म्हणून लगेच जीभ चावायच्या.

आता कंदांची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. डेलियाचं झाड वाळलं की खाली कंदांचा घोस राहतो, रताळ्यांसारखा. थंडी संपता संपता तो उकरून, धुऊन, कापून वेगळा करायचा. यातली गोम अशी की कंदाच्या फुगीर भागाला डोळा नसतो. डोळा वर असतो, जुन्या देठाच्या बुडाशी, टाचणीच्या डोक्याएवढा. कापताना प्रत्येक तुकड्याबरोबर एक डोळा आला तर झाड उगवणार. नाही आला तर कंद कितीही गुबगुबीत असू दे, मातीत नुसता लोळत पडणार. हे काम दर वर्षी दोघं मिळून करायचे. काकू कापायच्या, काका चष्मा कपाळावर चढवून एकेक तुकडा डोळ्यांशी नेऊन बघायचे आणि पेन्सिलीने कंदावरच नाव लिहायचे.

आणि त्याच दिवशी गल्लीचं वाटप. वर्षभर गुच्छ घेणाऱ्या प्रत्येक घराला एक कंद, वर्तमानपत्रात गुंडाळून, आत काय आहे ते न सांगता. उगवलं की कळेल. लोकांना त्याची मोठी गंमत वाटायची. एक गोष्ट मात्र काकूंनी कोणाला कधी सांगितली नाही, ती आपण सांगून टाकू. वाटायला त्या नेहमी सुकडे, मरतुकडे कंद काढायच्या आणि चांगले जाडजूड स्वतःकडे ठेवायच्या. त्यात चूक काय, धंदा आहे शेवटी, असं त्यांचं म्हणणं. काका शेजारी असेपर्यंत चालूनही गेलं, कारण डोळा आहे की नाही ते बघणारे ते होते.

या वर्षी कंद कापायच्या आदल्या दिवशी काकांना दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणजे बेचाळीस पायऱ्या स्ट्रेचरवर, शुद्ध नसताना. तीन दिवसांनी घरी आले. दरम्यान वाटपाची तारीख सगळ्यांना सांगितलेली. काकूंनी एकटीने बसून, अर्धवट झोपेत, सगळे कंद एका सकाळी कापून काढले. धाकटीचेही. जाडजूड सहा इकडच्या पेटीत, सुकडे तिकडच्या. दहा वाजता लोक आले, पुड्या घेऊन गेले, “काकांना सांभाळा” म्हणून गेले. काकूंनी सहा कंद अर्ध्या वाफ्यात लावले, पाणी घातलं आणि वर जाऊन तशाच आडव्या झाल्या.

तीन आठवड्यांनी बाकीचे डेलिया मातीतून वर आले. धाकटीचा वाफा स्वच्छ. पाच आठवडे झाले. सहा झाले. मग एका दुपारी काकूंनी खुरपं घेतलं आणि एक कंद उकरून काढला. टणक, ताजा, तुकतुकीत. खाली छान पांढरी मुळं सुटलेली. वर मात्र काही नाही, नुसतं गुळगुळीत. दुसरा काढला, तसाच. सहाच्या सहा तसेच. सहाच्या सहा आंधळे.

काकू मातीत बसल्या. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा त्यांना काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं. आता काही अडवायला नाही. आता मोठीकडे जाता येईल, एक पायरी नाही, एक बादली नाही. हे सगळं एका श्वासात वाटून गेलं आणि दुसऱ्या श्वासाला त्यांनी हातातला कंद परत मातीत दाबला, कोणी बघितलं की काय असं वाटून.

वर गेल्या तेव्हा काका वाट बघत होते. “उठली का गं धाकटी?”

काकूंच्या तोंडून निघून गेलं, “उठली.”

“किती?”

“चार बोटं.”

झालं! एकदा चार बोटं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी साडेचार म्हणावं लागतं. काकांना रोज उंची हवी. बोटं सांग, पानांच्या जोड्या सांग. काकू सांगायच्या. एकदा वीतभर सांगून बसल्या आणि दुसऱ्या दिवशी दमल्या डोक्याने म्हणाल्या, “दहा बोटं.”

“वीत म्हणजे बारा बोटं. कालच्यापेक्षा बुटकी झाली?”

“काम करून करून माझी बोटं जाड झालीत,” काकू म्हणाल्या आणि चुलीपाशी वळल्या. तेव्हापासून त्या अवजारांच्या खोलीच्या दारावर खडूने रोजची उंची लिहून ठेवू लागल्या. नसलेल्या झाडाची उंची, रोजच्या रोज. छापखान्याच्या मालकाने एकदा बघून विचारलं, “वहिनी, हे कसलं माप?” काकू म्हणाल्या, “माझ्या अकलेचं.”

पण खडूला फूल येत नाही. दोन-अडीच महिन्यांत काका फूल मागणार, हातात घेणार, डोळ्यांशी नेणार. तेव्हा काय करायचं? इतके महिने हा माणूस एका झाडाच्या जिवावर खुर्चीत तग धरून बसलाय. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुमची धाकटी मी मारली? काकूंची झोप उडाली, आणि झोप आधीच कुठे फार होती!

मग एक दिवस बादली घासताना त्यांच्या डोक्यात लख्ख पडलं. जाडजूड आंधळे निघाले, म्हणजे डोळे गेले कुठे? सुकड्यांबरोबर! आणि सुकडे गेले गल्लीत, सव्वीस घरांत.

पुढचा महिनाभर काकू शनिवारचे गुच्छ देताना प्रत्येक दारातून आत मान घालत होत्या. “कंद लावला का हो?” काय काय ऐकावं लागलं! एकीने इतकं पाणी घातलं की कुजला. एकाने लावायचा राहिला, तो अजून फ्रिजवर पुडीतच होता, वाळून सुपारीएवढा. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंनी तर उकडून खाल्ला. “रताळं समजलो आम्ही. चव काही खास नव्हती,” असं वर तोंड करून सांगितलं. काकूंना हसावं की त्यांच्या डोक्यात बादली घालावी कळेना.

उगवलेली झाडं निघाली अकरा. सगळी हिरवीगार, फूल एकालाही नाही. यातली धाकटी कोणती? आणि तिथे काकूंच्या पायाखालची जमीन सरकली, कारण त्यांना ओळखताच येईना. सात वर्षं शेजारच्या वाफ्यात राबल्या, पण धाकटीची पानं कशी, देठ कसा, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. विचारायचं कोणाला? एकच माणूस होता.

“अहो,” काकांच्या पाठीला तेल लावता लावता त्या म्हणाल्या, “या वर्षी धाकटीची पानं जरा वेगळी वाटतात.”

“वेगळी म्हणजे? देठ जांभळा आहे ना?”

“तसा आहे.”

“आणि तिसऱ्या जोडीपासून पानं कडेला आत मुडपतात. लहान मूल मूठ करतं ना, तशी. मुडपतात का?”

“बघते उद्या.”

“अगं, रोज बघतेस ना?” काका म्हणाले, आणि काकूंनी तेलाची वाटी उचलून घाईघाईने आत नेली.

त्या अकरांतलं एकही तसं निघालं नाही. धाकटी सापडली ती अशा ठिकाणी, जिथे काकूंनी शेवटी बघितलं. समोरच्या इमारतीच्या जिन्याखाली एक इस्त्रीवाली टेबल टाकून बसते. दोन वर्षांपूर्वी गल्लीत आली, बोलायला फटकळ, गुच्छ घ्यायची नाही. वाटपाच्या दिवशी एक पुडी उरली म्हणून काकूंनी जाता जाता तिच्या टेबलावर ठेवली होती, आणि ठेवल्याचं विसरूनही गेल्या होत्या. टेबलाच्या बाजूला पंधरा लिटरचा तेलाचा डबा, त्यात कमरेएवढं झाड. आधाराला हँगर सरळ करून रोवलेला आणि पायजम्याच्या नाडीने बांधलेला. देठ जांभळा. पानं मुडपलेली. शेंड्याला दोन कळ्या, एक उमलायला आलेली, विटकरी.

“काकू, बघा की!” इस्त्रीवालीचा चेहरा कधी नव्हे इतका फुललेला. “तुम्ही दिलेलं ते वाळकं बोटभर मूळ. मी म्हटलं हे कसलं जगतंय! इस्त्रीचं पाणी उरतं ते रोज घालते. गिऱ्हाईक विचारतात, मावशी, कुठून आणलं? आयुष्यात पहिल्यांदा मी लावलेलं काही उगवलं बघा.”

काकूंना म्हणायचं होतं की हे झाड माझं आहे, दे मला.  पण त्यांनी विचारलं, “फूल आलं की मला एक देशील?”

“तोडून?” इस्त्रीवालीने डब्याला हातच लावला. “नाही हो काकू. एवढं सोडून काहीही मागा. झाडावरच राहू दे ना ते.”

बेचाळीस पायऱ्या त्या दिवशी काकू मध्ये दोनदा बसून चढल्या. वर काका खुर्चीत. “किती झाली?”

काकू दारातच उभ्या राहिल्या. “अहो, ती नाही.”

“कोण नाही?”

“धाकटी. वाफ्यात ती नाहीच. उगवलीच नाही. मी कापताना जाड ठेवले, ते आंधळे निघाले. डोळ्यांचे सगळे वाटून टाकले.”

काकांनी डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, “दोन महिने मला उंची सांगत होतीस?”

“हो.”

“आज सकाळी किती होती?”

“हातभर.”

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. “आजारी समजलीस ते समजलीस. मूर्खही समजलीस?”

आणि मग काकूंचा बांध फुटला. इतक्या वर्षांच्या संसारात त्या अशा कधी बोलल्या नव्हत्या. “दमले मी! कळतंय का तुम्हाला? अठरा बादल्या खाली आणि तुम्ही वर. गुडघे रात्रभर ठणकतात. सगळे विचारतात, काका कसे आहेत, फुलं कशी आहेत. मी कशी आहे ते एकाने विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही विचारता ते, धाकटी कशी आहे! आणि सगळंच ऐकायचं असेल तर ऐका. ती उगवली नाही हे कळलं ना, तेव्हा मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं.”

बोलून झाल्यावर त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या.  काकांचा डावा हात खुर्चीच्या हातावर नुसता उघडझाप करत होता. रस्त्यावरून कोणी जोरात घंटी वाजवत सायकलवरून गेलं.

“कोणाकडे गेली?” काकांनी विचारलं.

“समोर. इस्त्रीवालीकडे. तेलाच्या डब्यात आहे.”

“डब्याला खाली भोकं पाडलीत का तिने?”

“विचारलं नाही.”

“भोकं नसतील तर मुळं सडतील. बोलाव कोणाला तरी.”

“कशाला?”

“मला खाली न्यायला. पोत्यासारखं तर पोत्यासारखं.”

छापखान्याचा मालक आणि न्हावी, दोघांनी खुर्ची धरली. प्रत्येक वळणावर टेकवायची, दम घ्यायचा, पुन्हा उचलायची. “काका, मान सरळ ठेवा,” न्हावी म्हणाला, “मला सांगायची सवयच आहे.” काका हसले नाहीत, पण मान सरळ ठेवली. काकू मागून, कठडा धरून, एकेक पायरी उतरत होत्या. आठ महिन्यांनी काकांच्या तोंडावर ऊन पडलं आणि त्यांनी डोळे किलकिले केले. रस्ता ओलांडून खुर्ची डब्यासमोर नेऊन ठेवली.

इस्त्रीवाली गोंधळून उभी. तिला वाटलं, झाड न्यायला आले. काकांनी मात्र आधी डब्याच्या बुडाशी वाकून बघितलं. भोकं होती. चार, खिळ्याने पाडलेली. मग डाव्या हाताने देठ चाचपला, पान उलटं करून बघितलं, नाडीची गाठ बघितली.

“शेंडा कोणी खुडला?”

“मीच,” इस्त्रीवाली घाबरत म्हणाली. “लांबच लांब सुटलं होतं, म्हणून. चुकलं का?”

“नाही. मी चार पानांवर खुडायचो. तू पाचवर खुडलास, त्यामुळे दांडा जास्त मजबूत झाला.” काकांनी पान हलकेच पुन्हा सुलटं केलं. “माझ्याकडे असताना ती इतकी उंच कधी झाली नव्हती.”

इस्त्रीवालीने टेबलावरचे कपडे बाजूला केले आणि काकूंना बसायला स्टूल दिलं. स्टूल भिंतीला टेकलेलं होतं. काकूंनी पाठ टेकली. इस्त्रीचा गरम कपड्यांचा वास येत होता, आणि दुपारची कामं सगळी राहिली होती. बादल्या तशाच. पाणी द्यायचं तसंच. उठायला हवं, असं त्यांना वाटलं, पण पाय उठेनात. काका बोलत होते, पण काकूंशी नाही, त्यांना काही विचारत नव्हते, काही मागत नव्हते. किती महिन्यांनी कोणी दुसरं काकांचं ऐकत होतं! ते इस्त्रीवालीला सांगत होते, थंडी संपताना झाड वाळेल तेव्हा घाबरायचं नाही. उकरायचं. घोस निघेल. मी येईन खाली, डोळा कसा ओळखायचा ते दाखवीन.

काकूंनी डोळे मिटले.

“मग त्यातले चांगले चांगले तुम्हाला देईन, काका,” इस्त्रीवाली म्हणत होती. “तुमचीच आहे ती. मला एक ठेवलं तरी बास.”

“मला नको. सुकडे असतात ते तू ठेव, नीट लाव, गल्लीत वाट.” काका थांबले. मग काकूंना ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, “आणि जाडजूड, गुबगुबीत, आंधळे निघतील ना, ते सगळे हिला दे. बशीत घालून खिडकीत ठेवू दे हिला. त्यांना पाणी लागत नाही, खत लागत नाही, उंची मोजावी लागत नाही.”

काकूंना मिटल्या डोळ्यांनी हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीही आलं. ते पुसायला हात उचलायचा होता, पण तेवढीही ताकद उरली नव्हती. दुसऱ्या क्षणी त्यांची मान भिंतीला कलली.

“काकू झोपल्या वाटतं,” इस्त्रीवाली हळूच म्हणाली. “उठवू?”

“खबरदार,” काका म्हणाले.